एक किल्ली, दोन कड्या

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. बोलायची मला सवय नाही. तोंड मिटून बसणं हाच आमचा धंदा. पण गेल्या वर्षी माझ्यामुळे एका घराचा व्यवहार अडला. त्याचा बोल मी अजून स्वतःला लावतो, म्हणून सांगून टाकतो.

जन्म अलीगढचा, पण वाढलो सोलापुरात. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत एका ताडपत्रीवर पडलो होतो. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, असलेल्या गुरप्पांनी मला उचललं, कानाशी धरून किल्ली फिरवली आणि "हे बोलतंय चांगलं" म्हणून घरी आणलं. किल्ल्या दोन होत्या. एक त्यांच्या धाकट्या लेकीने पहिल्याच वर्षी आडात टाकली. उरलेल्या एकीवर आम्ही पस्तीस वर्षं निभावली. गिरणीच्या सवयीने गुरप्पा दर अमावास्येला माझ्या पोटात तेलाचे दोन थेंब सोडायचे. शेजारीपाजारी माझी तारीफ करायचे, आणि खरं सांगतो, मी फुगायचो.

पुढे गिरणी बंद पडली, काही वर्षांनी गुरप्पांची बायको गेली. ते अक्कलकोटला लेकीकडे राहायला गेले आणि घर विकायचं ठरलं. घेणारी होती त्याच गल्लीतली झीनत. भाड्याच्या खोलीत ती साड्यांना फॉल-पिको करायची. नवरा आसिफ टेम्पो चालवायचा. त्यांच्या घरमालकाने गड्ड्याच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. गल्ली सोडावी लागली तर झीनतची सगळी गिऱ्हाइकं तुटणार होती.

घराच्या भिंती गुरप्पांच्या, पण खालची जमीन एका ट्रस्टची, नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. ट्रस्टचा ना-हरकत दाखला आल्याशिवाय घर विकता येत नाही. आणि दाखल्याआधी दुसऱ्याला ताबा दिला, तर पट्टाच रद्द होतो.

आमच्या गल्लीत जुनी रीत आहे. इसाराची रक्कम हातात पडली की दाराला दोन कुलपं लागतात: वरच्या कडीला विकणाऱ्याचं, खालच्या कडीला घेणाऱ्याचं. दोघं मिळून आल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून कुणाच्या मनात किंतू राहत नाही. झीनतने खाली चकचकीत स्टीलचं कुलूप लावलं. नवं पोरगं होतं, उन्हात उगाच चमकायचं. मला त्याचा राग यायचा, आता येत नाही.

इसार उन्हाळ्यात झाला. मग समजलं की पट्टा अजून गुरप्पांच्या वडिलांच्याच नावावर आहे. वारसनोंदीत पावसाळा गेला. मग मोजणीचा नकाशा फाटका निघाला, नवा आणण्यात दसरा गेला. त्यानंतर मात्र फाईल गप्पच झाली. झीनत दर सोमवारी ट्रस्टच्या ऑफिसात जायची, "वर गेलीय" एवढंच ऐकून परत यायची. इकडे मला कुणी उघडेना, तेल घालेना. पोटात धूळ बसली.

डिसेंबरात गुरप्पा एसटीने आले आणि दोघं मिळून ऑफिसात गेले. परतल्यावर पायरीवर बसून जे बोलले, त्यातून मला सगळं कळलं. ट्रस्टचे पाहणी कारकून शरणबसव दिवाळीआधीच न कळवता येऊन गेले होते. त्यांनी दाराला दोन कुलपं बघितली आणि शेरा मारला: 'दोन कुलपे. ताबा वादग्रस्त दिसतो.' तेव्हापासून फाईल वकिलाकडे पडून होती. ज्या कुलपांनी भांडण टाळायचं, त्यांनाच भांडणाचा पुरावा ठरवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकच कुलूप ठेवा म्हणत्यात, मग फिरून बघायला येतो," गुरप्पा म्हणाले.

"मग माझंच काढते की, काका. घर अजून तुमचंच हाय," झीनत म्हणाली.

तिने खालचं कुलूप काढून पिशवीत टाकलं. गल्लीत एक दलाल या घरासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधत फिरतोय, हे तिला ठाऊक होतं. गुरप्पांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी मला लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"कुलूप माझं, किल्ली तुझ्याजवळ, यव्वा. दुसरी न्हाईच."

शरणबसव पुन्हा यायला जानेवारी उजाडला. त्यांनी आतून बघायचं म्हटल्यावर गुरप्पांनी झीनतकडे हात केला आणि तिने पर्समधून किल्ली काढली. शरणबसवांचं पेन थांबलं. "किल्ली यांच्याकडं कशी?"

"मी विसराळू माणूस. लेकीकडं ठेवतो."

त्यांनी दोघांकडे पाहिलं. झीनतने किल्ली फिरवली, मी कुरकुरत का होईना उघडलो, आणि ते घरभर फिरले. घर रिकामंच होतं. त्यांनी लिहिलं, 'कुलूप एक. वाद नाही.'

तरी दाखला गड्ड्याच्या आत आला नाही. झीनतची खोली सुटली. पोरं बहिणीकडे गेली, आणि पिकोचं मशीन, पेट्या, गाद्या माझ्यासमोर ओट्यावर येऊन पडल्या. आसिफ रात्री राखणीला तिथेच झोपायचा. थंडी लई होती. अक्कलकोटहून गुरप्पांचा फोन आला, "अगं, किल्ली हाय की तुझ्याकडं. उघड आन् आत जावा."

"कागद येऊ द्या, काका. कुणी बघितलं तर तुमचा पट्टा जाईल."

नऊ दिवस ती रोज ओट्यावर बसून पिको करत होती. किल्ली कमरेला होती आणि मी हाताच्या अंतरावर. तिने मला हातसुद्धा लावला नाही. इतक्या वर्षांत मला कितीजणांनी ओढून बघितलं असेल, पण माझी राखण अशी कुणी केली नव्हती.

दहाव्या दिवशी दाखला आला. खरेदीखताची नोंदणी झाली त्या दुपारी गुरप्पांसमोर झीनतने मला उघडायला घेतलं, तर मी अडलो. धूळच तेवढी होती, मित्रांनो. तिने मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि मी बोललो. म्हणून एवढंच मागणं आहे: कागद वडिलांच्या हयातीतच नीट करून घ्या, आणि दाराच्या कुलपाला अधूनमधून तेल दाखवा. कागद असो की कुलूप, थांबायची वेळ दोघांवरही येते.

दार उघडल्यावर झीनत मला पुसून गुरप्पांना देऊ लागली. "घेऊन जावा काका, तुमची आठवण हाय."

गुरप्पांनी हात मागे घेतला. "किल्ली तुझ्याकडं. नुसतं कुलूप नेऊन मी काय करू, यव्वा?"

मी अजून वरच्याच कडीला आहे.