पट्टीवरचा दुसरा चौकोन

बाबांनी हातातला पेला काढून घेतला, तरी छकुली रडली नाही. पेल्याकडे नुसती बघत राहिली.

"एकच घोट, बाबा."

"आत्ताच प्यायलीस ना? पुन्हा अंग सुजलं म्हणजे?"

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. नियम म्हणजे नियम, असा माणूस. गेल्या वर्षी आठ वर्षांच्या छकुलीच्या लघवीतून प्रथिनं वाहून जाऊ लागली, डोळे सुजून मिटले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज ओसरली, पण आजार पुन्हा पुन्हा उलटला आणि गोळ्या काही सुटेनात. त्या गोळ्यांनीच गाल फुगले. शाळेत पोरं तिला 'फुगा' म्हणू लागली. आता काही दिवस ती सारखं पाणी मागत होती. ते गाल बघून बाबांना वाटलं, सूज परत आली. त्यांनी पाण्यावर पहारा बसवला.

आई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. त्या दुपारी ती घरी आली तर बाथरूममध्ये नळ वाहत होता. छकुली बादलीवर वाकून ओंजळीने पाणी पीत होती, फ्रॉक छातीपर्यंत भिजलेला.

"बाबांना सांगू नकोस हं."

आईने तिला उचललं आणि चरकली. पोर हाताला हलकी लागत होती. गाल गुबगुबीत, पण फ्रॉकच्या आत बरगड्या लागत होत्या. मग सूज कसली?

प्रथिनांसाठी रोज सकाळी लघवीत एक पट्टी बुडवायची, आणि तिच्यावरचा पिवळा चौकोन पिवळाच राहिला की जीव भांड्यात पडायचा. आईने नवी पट्टी बुडवली. पिवळा चौकोन पिवळाच राहिला. पण त्याच्या शेजारचा, ज्याकडे घरात कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, तो गडद तपकिरी झाला. तिने डबीवर बघितलं. तो साखरेचा होता.

बाबा कामावरून थेट रुग्णालयात पोहोचले, तोवर छकुलीला ओकाऱ्या सुरू झाल्या होत्या. परिचारिकेने बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला. यंत्राने आकडाच दाखवला नाही. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली होती.

"गोळ्यांमुळे झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्टेरॉइड फार दिवस चाललं की काही मुलांची साखर अशी चढते."

"मग बंद करा त्या गोळ्या. आजपासून एकही देणार नाही मी तिला."

"असं करू नका. इतके महिने बाहेरून मिळतंय म्हणून तिच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडलंय. एकदम थांबवलं तर जिवावर बेतेल. आता सलाइन आणि इन्सुलिन देऊ. गोळ्या नंतर हळूहळू उतरवू, जोडीला दुसरं औषध घालू."

बाबा भिंतीला टेकून उभे होते. "मी तिचं पाणी तोडलं होतं," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज नसताना पाणी रोखायचं नाही, हे मी सांगायला हवं होतं. साखरही मधूनमधून बघायला हवी होती."

कुणाची चूक, यावर भांडायचं त्राण तिथे कुणातच नव्हतं. छकुलीचा श्वास धापेसारखा चालला होता आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. परिचारिका पुन्हा पुन्हा बोट टोचत होती. संध्याकाळी यंत्रावर पहिल्यांदा आकडा उमटला. मोठाच होता, पण आकडा होता. आईने पदर तोंडात धरून रडून घेतलं.

पुढे घरी सुया सुरू झाल्या. आई सुई द्यायची, बाबा साखर बघायचे. गोळ्या कमी होत गेल्या तशी साखर खाली आली आणि सुया सुटल्या. मूळ आजार मात्र केव्हाही उलटू शकतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एके दिवशी बोट टोचून झाल्यावर बाबा म्हणाले, "छकुले, माझं चुकलं गं."

"तू मुद्दाम थोडंच केलंस?" ती बोटाला कापूस दाबत म्हणाली. "पण मला खूप राग आला होता."

"अजून आहे?"

तिने विचार केला. "थोडा."

"बरं," बाबा म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसून राहिले.