तुटली की तुटलं

सोमवारी कुणाबद्दल वाकडं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. म्हणून हे मी मंगळवारी लिहिते आहे.

दोन हजार चार सालची गोष्ट. आमची लेक शांभवी कसबा बावड्यातल्या एका सहकारी बँकेत कॉम्प्युटरवर बसायची. त्या वर्षी बँकेनं प्रगती केली, म्हणजे जाडजूड वह्या माळ्यावर टाकल्या आणि सगळा कारभार एका तारेवर टांगला. तार शहरातल्या मुख्य कचेरीपर्यंत जायची. तिला लिंक म्हणायचे. लिंक असली की बँक चालू, नसली की नुसते पंखे चालू. 'लिंक तुटलीय' हे वाक्य शांभवी दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की तेवढ्यांदा मी 'ॐ नमः शिवाय' म्हटलं असतं तर एव्हाना कैलासात जागा मिळाली असती.

त्याच उन्हाळ्यात तिची सोयरीक उचगावच्या सोमेशशी ठरत आली. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घर आमच्यासारखंच लिंगायत. शांभवीच्याही तो मनात भरला होता. त्याचा फोटो माझ्या कपाटातून तिच्या पर्समध्ये कधी गेला, ते मी विचारलं नाही. पसंती राहिली होती फक्त मुलाच्या आज्जीची. त्या दानम्मा. माहेर संकेश्वरच्या पुढं, घरातली बोली कानडी. मराठी त्या फाडफाड बोलत, पण तो, ती, ते हे मराठीतलं वाटप त्यांना मंजूर नव्हतं. 'माझा सून आली', 'तुमची घर मोठा हाय' असं बिनदिक्कत चालायचं. व्याकरण सैल, पण धर्म कडक. आमच्यात गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. त्याची पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, आणि ते हरवलं किंवा तुटलं, तर मिळेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. दानम्मांनी हा नियम सत्तर वर्षं पाळला होता आणि त्याहून जास्त दुसऱ्यांकडून पाळून घेतला होता.

मुलगी बघायला त्या घरी आल्याच नाहीत. "घरात समद्या पोरी गायच असत्यात," असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी त्या न सांगता बँकेत गेल्या आणि बाकावर पदर सावरून बसल्या. नेमकी तेव्हा शांभवी मुख्य कचेरीशी फोनवर बोलत होती.

"सर, सकाळपास्नं लिंक तुटलीय... न्हाय हो, वाट तरी किती बघायची? डबे खाऊन घेतले आम्ही... आता आली तर आली, न्हाय तर उद्या बघू की!"

दानम्मांनी शिवाचं नाव घेतलं आणि रिक्षा केली. संध्याकाळी आमच्याकडं फोन आला.

"बाई, तुमचा पोरगी लिंग तुटली तरी जेवली! वर म्हन्ती, उद्या बघू! असला सून आमच्यात नको."

मी हळूच म्हटलं, "अव्वा, काहीतरी ऐकण्यात—"

"माझा कान चांगली हाय!" आणि फोन बंद.

त्यांचा कान चांगलाच होता. त्यांच्या तोंडाबद्दल मी काय बोलू? आठवड्यात ही बातमी उचगाव, बावडा करत पार चंदगडच्या माझ्या नणंदेपर्यंत पोचली. तिनं विचारलं, "वैनी, शांभवीनं लिंग मोडून कानातलं केलं म्हनं, खरं काय?" बँकेची लिंक दिवसाआड तुटायची, ही बातमीची लिंक मात्र एकदाही तुटली नाही. असलं काही एकदा चिकटलं की दुसरं स्थळही उंबरा चढत नाही, हे मला कळत होतं. शांभवीलाही. फोटो गुपचूप कपाटात परत आला. पूजेला बसली की ती डबी दोन्ही हातांत घट्ट धरायची, जणू कुणी हिसकावून नेणार होतं.

घरात सगळ्यांनी मला सांगितलं, गप्प राहा. गप्प तर मी नेहमीच असते. त्या वेळी फक्त गप्प राहून शेजारच्या हंबीरराव सरांकडं गेले. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि कुणी ऐकायला मिळेल म्हणून निवृत्तीनंतर रोज फाटकात उभे असायचे. तिकडं उचगावात सोमेश सुट्टीला आला होता. तो आज्जीला म्हणाला म्हणे, "नकार द्यायचा तर फोनवर न्हाय, समोर जाऊन द्यायचा." रविवारी त्यानं त्यांना स्कूटरवर बसवून आमच्या दारात आणलं आणि स्वतःही आत आला.

नकार द्यायला आलेल्या पाहुण्यांनाही जेवू घालायची आमच्यात रीत आहे. मी खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गुळाची खीर, केली होती.

हंबीरराव सर उशीएवढा शब्दकोश मांडीवर घेऊन बसले. "आज्जी, लिंक हा इंग्रजीतला लई जुना शब्द. उत्तरेकडच्या थंडीतल्या दर्यावर्दी लोकांचा. मूळ अर्थ वाकवलेलं कायतरी. लोखंड वाकवलं की झाली कडी, कडीत कडी अडकवली की झाली साखळी. जर्मन लोकांत ह्याच घराण्यातला एक शब्द हाय, त्याचा अर्थ सांधा. गुडघ्याचा, खांद्याचा—"

"गुडघा माझा बी दुखती," दानम्मा म्हणाल्या. "त्याचा हितं काय संबंध?"

"संबंध! हाच तर अर्थ. संबंध म्हंजे लिंक. दोन गावांना जोडणारा रस्ता, लिंक रोड. पोरगं-पोरगी बागेत एकत्र दिसली, तरी लोक म्हणत्यात लिंक हाय."

दानम्मांनी शांभवीकडं अशी नजर टाकली, की सरांचा सगळा विद्वत्तेचा डोंगर आता आमच्याच अंगावर कोसळणार, असं मला वाटलं. मी आमटीचा चमचा वाटीत जरा जोरात ठेवला. सर भानावर आले.

"तर मुद्दा असा. लिंग हा आपला संस्कृत. अर्थ खूण. परमेश्वराची खूण. दोन शब्दांची सात पिढ्यांत सोयरीक न्हाय. आता सांगा आज्जी, लिंग ते की ती?"

"ते काय, ती काय!"

"ते लिंग. म्हंजे तुटलं. ती लिंक. म्हंजे तुटली. पोरगी काय म्हणाली? तुटली की तुटलं?"

"तुटली म्हनाली. माझा कान चांगली हाय."

"मग लिंकच तुटली!"

दानम्मांनी दुखरा गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "मास्तर, देवाला कसली रं ती आन् ते?"

ह्या एका वाक्याला मी मनातल्या मनात हात जोडले. त्यांच्या बाकीच्या वाक्यांचं काय करायचं, ते परमेश्वर बघेल.

सरांनी शब्दकोश मिटला आणि दानम्मांच्या गळ्याकडं बोट केलं. डबीला चांदीची साखळी होती.

"ही कडी बघा. हिलाच इंग्रजीत लिंक म्हणत्यात."

दानम्मांनी साखळी बोटांवर धरली. एकेक कडी चाचपली. "मंजी माझ्या गळ्यात लिंग बी हाय आन् लिंक बी हाय?"

"व्हय."

"आन् पोरीचा ही लिंक तुटली हुती? लिंग न्हाय?"

"तीही न्हाय आज्जी. तार. बँकेची."

"मग आधी सांगायचा की!"

असं म्हणून त्यांनी मोठ्या मनानं शांभवीला माफ केलं. न केलेल्या चुकीची माफी इतक्या दिलदारपणे द्यायला फार पुण्याई लागते. "पोरगी चांगला हाय," त्या म्हणाल्या, "फकस्त सवकाश बोलायला शिक म्हनावं." मी ताटं वाढली.

सोमेश पाटावर बसला, हुग्गीवर तूप पडलं, त्यानं घास उचलला. शांभवी वाढत होती. घरात तिचा आवाज माझ्यापेक्षाही हळू.

"तुमचं कुठाय?"

"काय?"

"डबी."

सोमेशचा हात छातीवर गेला. तिथं खिसा होता आणि खिशात पेन. घास पुन्हा ताटात उतरला.

"पुण्यात," तो म्हणाला. "पेटीत."

"किती दिवस?"

"दोन वर्सं."

"मग तिकडं जेवनखान कसं करता?" शांभवीनं इतक्या भोळेपणानं विचारलं, की ती माझीच मुलगी असल्याची मला खात्री पटली.

दानम्मांनी लगेच तोंड उघडलं. "त्याचा गोष्ट येगळा हाय. पोरगा शिकली, परगावी ऱ्हाती, मेसचा जेवन—"

सोमेशनं त्यांच्याकडं पाहिलं, मग ताटाकडं, मग शांभवीकडं. तिला वाटलं तो हसेल; मला वाटलं चिडेल. तो उठला. ताटाला नमस्कार केला, हात धुतला.

"आज्जी, नेम म्हंजे नेम. हिला एका डब्यावरनं घालवत हुतीस, मी सातशे दिवस जेवलोय." मग शांभवीला म्हणाला, "जाऊन येतो. आल्यावर मग तुमचं काय ते सांगा."

दुपारच्या एसटीनं तो पुण्याला गेला. उपाशी. दानम्मा एकट्याच हुग्गी जेवल्या, दोन वाट्या. नेम त्यांचा शाबूत होता ना!

सोमवारी बँकेत नेहमीप्रमाणं सकाळपासून लिंक नव्हती. बाकावर गर्दी, साहेब घामाघूम. तीनच्या सुमारास फोन वाजला आणि केरबा शिपायानं उचलला. पुण्याचा होता. सोमेशनं खोली बदलताना पेटी मित्राकडं ठेवली होती आणि मित्र गावाहून त्या दुपारीच परतला होता, हे आम्हाला नंतर कळलं. केरबाला कळलं तेवढं त्यानं रिसिव्हर हातात धरून अख्ख्या बँकेला ओरडून सांगितलं.

"लिंक मिळालीऽऽ!"

बाकावरची माणसं उठून खिडकीशी भिडली. साहेबांनी गणपतीच्या तसबिरीला हात जोडून बटणं दाबायला सुरुवात केली. पडद्यावर काहीच येईना. मागचा एक म्हातारा "आरं सरक की पावण्या!" म्हणून पुढच्याला ढुशी देत होता.

शांभवी जाग्यावरून उठली. "केरबामामा, कुणाचा फोन?"

"कुनी सोमेश म्हनं. तुमास्नी सांगा म्हनाला, मिळाली, आता जेवतो."

"मिळाली म्हणाले की मिळालं?"

केरबानं डोकं खाजवलं. "म्हनालं तसं 'मिळालं'च. पन पुन्यास्नं बोलत्यात मॅडम, त्यास्नी कुठलं मराठी येतंय!"

शांभवी परत खुर्चीत बसली. खिडकीसमोर चाळीस माणसं आरडाओरडा करत असताना तिनं पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि डबा काढला. सकाळी मी भरून दिला होता, तसाच होता. आदल्या रात्रीही तिनं पोट दुखतं म्हणून जेवण टाळलं होतं आणि मी, आई असून, ओवा दिला होता.

बँकेची लिंक बुधवारी आली.