सर्व्हरची खोली

आमची बारकी बाहेरगावची कॉम्प्युटरची नोकरी सोडून परत आली तेव्हा मला आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर आठवडाभरातच धाकटी बहीण माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

बाबांचा औषधांचा घाऊक धंदा आहे. तिथली सर्व्हरची खोली म्हणजे बारा वर्षं माझा संसार. खोली कसली, पूर्वीची खोकी ठेवायची अडगळ. खिडकी विटांनी बुजवलेली, एसी नेमका दाराच्या वर, त्यामुळे आत शिरताना डोक्यावर एक थेंब पडतोच. आत सात सर्व्हर. एक बिलांचा, एक साठ्याचा, एक थंड गोदामाचं तापमान नोंदवणारा, आणि बाकीचे कशाला आहेत ते फक्त मलाच माहीत. त्यांतला कुठला कुरकुरतोय हे मी दाराबाहेरून नुसत्या आवाजावरून सांगते. याचं कधी कोणाला कौतुक वाटलं नाही, ते सोडा.

सातही आता म्हातारे झाले होते. त्यांच्या जागी एकच दणकट सर्व्हर घ्यायचा आणि व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरनं त्याच्या पोटात सात सर्व्हर चालवायचे, असं ठरलं. मशीन एकच, पण बिलांच्या सर्व्हरला वाटणार की घरात आपण एकटेच आहोत. अशी सॉफ्टवेअर बरीच मिळतात. मी जुनं, नावाजलेलं सुचवलं, ज्याचा परवाना दर वर्षी घ्यावा लागतो. बारकी म्हणाली, "ताई, फुकटातलंही आता तितकंच चांगलं चालतं. आमच्या आधीच्या ऑफिसात तेच होतं."

आधीच्या ऑफिसात. हे ती दिवसातून दहा वेळा म्हणायची, आणि बाबा दर वेळी मान वर करून ऐकायचे. मी काही सांगायला गेले की ते चष्मा पुसायला घ्यायचे.

"दोघी मोजून दाखवा," बाबा म्हणाले. "एकसारखे दोन सर्व्हर चाचणीला मागवतो, प्रत्येकीनं आपलं सॉफ्टवेअर एकावर चढवा. चार दिवसांत जिचं सरस ठरेल तिचं घेऊ, आणि खोलीची किल्लीही तिच्याकडेच. एका खोलीला दोन मालकिणी नकोत."

माझी खोली, आणि मीच ती जिंकून दाखवायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सर्व्हर आले. खोक्यांतून काढणं, रॅकमध्ये बसवणं, केबली जोडणं हे अर्थातच माझ्याकडे आलं, कारण बारकी बाबांना तक्ते काढून दाखवत होती. तिच्या वाट्याचा सर्व्हर सुरू केला आणि अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये गेले. तिथे एक ओळ असते, वीज कशी वापरायची याची. ती 'पूर्ण ताकद'वर होती. मी ती 'वीज बचत' केली. एवढंच. वायर तोडली नाही, डिस्क बदलली नाही. मशीन चालतं, फक्त मन लावून चालत नाही. कोणी विचारलंच, तर कारखान्यातून असंच आलं म्हणता येतं, आणि पुष्कळदा येतंही.

पुढचे तीन दिवस मी सुखात होते, आणि ते सुख कसलं होतं हे मला नीट कळत होतं. बिलांवर बसणारे काका दोन्ही सर्व्हरवर तीच ती बिलं मारून बघायचे आणि बारकीच्या सर्व्हरपाशी आले की खुर्चीत मागे रेलायचे. "काय गं, झोपलंय का हे?" असं विचारायचे. बारकी हसायची, वहीत आकडे लिहायची. मी तिला चहासुद्धा आणून दिला.

चौथ्या दिवशी बाबांच्या टेबलाशी बसलो. महिन्याच्या साठ्याचा अहवाल माझ्या सर्व्हरवर चाळीस सेकंदांत निघाला होता, तिच्या सर्व्हरवर एकसष्ट.

"ताईचं सरस आहे," बारकी म्हणाली. "आणि खोली तिच्याकडेच शोभते."

बाबांनी किल्ली माझ्यापुढे सरकवली. बारकी रुसली असती, भांडली असती, निदान तोंड तरी पाडलं असतं, तर मी ती मुकाट्यानं उचलली असती. पण ती खरंच माझ्यासाठी खूश दिसत होती आणि ते मला सहन झालं नाही.

"बाबा, थांबा," मी म्हणाले. "तिचा सर्व्हर वीज बचतीवर आहे. मी केला तसा."

बारकी खाली बघत म्हणाली, "मला माहीत आहे, ताई. पहिल्याच दिवशी बघितलं. सेटिंग कधी बदलली, कोणी बदलली, सगळं मशीन लिहून ठेवतं."

"मग बदललं का नाहीस?"

"म्हटलं, तू बदलशील. रोज सकाळी बघत होते."

लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण लाजेच्याही आधी वाटलं ते हे, की कबुली देण्याचा मोठेपणा तरी माझा एकटीचा असेल म्हटलं, तर तिथेही ही बया तीन दिवस आधी जाऊन बसलेली.

"उद्या पुन्हा मोजा," बाबा म्हणाले. "दोन्ही पूर्ण ताकदीवर. सर्व्हर बारकी लावेल."

दुसऱ्या दिवशी काकांनी तीच बिलं मारली, तोच अहवाल काढला. माझ्या सर्व्हरवर चाळीस सेकंद. तिच्या सर्व्हरवर चव्वेचाळीस. काकांनी तीनदा काढून बघितला, तरी फरक तेवढाच. बॅकअपवरून सातही सर्व्हर परत उभे करायलाही माझ्याच सॉफ्टवेअरला कमी वेळ लागला. काही न करता मी जिंकले असते.

बाबांनी कागद घडी करून ठेवला. "सॉफ्टवेअर मोठीचं घेऊ," ते म्हणाले. "किल्ली बारकीकडे."

"पण जिंकलं तर माझंच ना?"

"हो. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय," बाबा म्हणाले, आणि चष्मा न पुसता माझ्याकडे बघत राहिले.

बारकीनं किल्ली घेतली, पण लगेच खिशात टाकली नाही. जिन्यात मला गाठून म्हणाली, "ताई, हे तुझं सॉफ्टवेअर मला नीट येत नाही. शिकवशील?"

नाही कसं म्हणणार. आता शिकवते. ती भराभर शिकते, त्यानंही माझ्या पोटात दुखतंच. रोज सकाळी दहाला मी खोलीपाशी जाते, आतल्या आवाजाचा अंदाज घेते आणि दार ठोठावते. ती आतून उघडते.