जोडीच्या बटा

माझं पार्लर पेणला एसटी स्टँडच्या मागं आहे, पण हात जोह्याचा, मूर्तिकारांच्या गावचा आहे. लग्नाआधी मी वडिलांच्या कारखान्यात गौरींच्या मुखवट्यांचे केस रंगवायची. घाटावरची गिऱ्हाइकं गौरी जोडीनं नेतात, म्हणून एका मुखवट्यावर जशी बट, तशीच दुसऱ्यावर हवी. एक वळण इकडचं तिकडं झालं की वडील दोन्ही पुसायला लावायचे. बारा वर्षं मी हेच केलं.

पार्लरमध्ये मात्र माझा नेम वेगळा. आधी चेहरा बघायचा, केस बघायचे, मग बटा ठरवायच्या. गोल चेहऱ्याला डोक्यावर उंची द्यायची आणि गाल मोकळे सोडायचे. लांब चेहऱ्याला वर चापून बसवायचं आणि बटा गालाशी आणायच्या. जाड केसांना मोठे रोलर, पातळांना बारीक. नटीचा फोटो घेऊन कुणी आली की तो फोटो मी सरळ खणात टाकते.

गडबची हौसा आली ती धाकट्या बहिणीला, सोनीला घेऊन. हौसाला बघायला दुपारी रोह्याहून चंदर आणि त्याची आई येणार होती. चेहरा लांब म्हणून दोन स्थळं आधीच परत गेली होती. त्यात चंदरला तिनं एका लग्नात पाहिलेला आणि तो तिच्या मनात भरलेला.

"मावशी, ह्या येळी त्यांनी नाय म्हनू नये," ती म्हणाली.

मी म्हटलं, माझ्यावर सोड. एवढी घमेंड बरी नव्हती.

हौसा नाहून आली होती. तिचे दाट केस वाळेपर्यंत मी सोनीला बसवलं. गोल चेहरा, वर उंची. पोरगी अशी खुलली की मीच खूश झाले. मग हौसा बसली. मी शेजारणीच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होते आणि हात आपले चालत होते. बोलणं संपलं तेव्हा आरशात गौरींची जोडी बसली होती, वळणाला वळण जुळलेलं. हौसाचा चेहरा आधीच लांब, तो आता थेट कोलाडपर्यंत गेला होता.

एसटीची वेळ झाली होती. बटा जरा खाली बसतील, असं म्हणत मीही लाजेकाजेस्तव सोबत गडबला गेले. एकही बट बसली नाही.

चंदरच्या आईनं दोघींकडे पाहिलं आणि सोनीचा हात धरून तिला जवळ बसवलं. "नाव काय गो तुजं?" तिनं प्रेमानं विचारलं. हौसानं पोह्यांचं ताट खाली ठेवलं आणि ती मागच्या दारी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मागोमाग गेले. ती रडत होती. "चुकलं माजं, हौसा. डोकं खाली कर," म्हटलं आणि पिंपातलं तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. मग पुसून साधी वेणी घातली. उजव्या गालाशी एक बट कोरडीच राहिली होती, पण चापायला पिन नव्हती. तशीच तिला चहा घेऊन पाठवली.

मघाच्या त्या उंच केसांत चंदरला ती ओळखूच आली नव्हती. हौसा दारात येताच तो आईला म्हणाला, "लग्नात पाहिली म्हणून मी सांगितलेली, ती ही."

आईनं सोनीचा हात सोडला आणि हौसाला आपल्या बाजूला बसवून घेतलं. तिच्या गालाकडे निरखून पाहत म्हणाली, "बट झ्याक काढलीय हो. कोनाच्या हातची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिले.

लग्नाच्या दिवशी हौसानं तीच एक बट मागितली. चुकून राहिलेली बट मुद्दाम काढायला मला दीड तास लागला. तेवढा वेळ सोनीला मी पार्लरबाहेर बसवून ठेवलं होतं.