काजं संपव, मग जेव

आई गेली तेव्हा चिमणी शाळेतही जात नव्हती. ताईनेच तिला न्हाऊ-माखू घातलं, शिकवलं, शिलाई मशीनवर बसवलं आणि पुढे लग्नही लावून दिलं. लोक म्हणायचे, ही बहीण कसली, आईच आहे. ताईला ते ऐकायला आवडायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चिमणीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी कमी, रस्त्यावरच जास्त. म्हणून तिला दिवस गेल्यावर ताईने तिला सरळ आपल्याकडे राहायला आणलं. दोघी मिळून ताईच्या शिलाईच्या दुकानात शाळेचे गणवेश शिवत. ताई कापड बेतायची, चिमणी कॉलर लावायची, काजं करायची.

सहाव्या महिन्यात चिमणीच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की गरोदरपणात असं पुष्कळ जणींना होतं, घाबरायचं नाही, थोडं थोडं पण वेळच्या वेळी खायचं, चालायचं, लागलं तर इन्शुलिन घेऊ. ताईच्या कानात मात्र 'साखर' हा एकच शब्द शिरला. आईचा पाय याच साखरेने नेला होता, आणि मागोमाग आईलाही. ताईने ते जवळून पाहिलं होतं, चिमणीला त्यातलं काही आठवत नव्हतं.

त्या दिवसापासून ताईने कंबर कसली. घरातून बटाटे गेले, भात मुठीवर आला. नर्सने चिमणीला पर्समध्ये गोड गोळ्या ठेवायला सांगितलं होतं, पुढे इन्शुलिन लागलं आणि अचानक साखर उतरली तर असाव्यात म्हणून. ताईने त्या काढून टाकल्या. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला चिमणीने केकचा लहानसा तुकडा घेतला, तर ताईने चारचौघांत तिच्या हातातली बशी काढून घेतली आणि वर हसत म्हणाली, "पोटातलं पोर उद्या माझ्यावर केस करेल." सगळे हसले. चिमणीही हसली, पण त्यानंतर ती कुणाच्या घरी गेली नाही.

पुढे इन्शुलिन सुरू झालं. बोटाला टोचून पाहिलं की आकडे चांगले यायचे, आणि ताई दुकानात येईल त्याला सांगायची की माझ्या हाताखाली साखर कशी सुतासारखी सरळ आली. टोचून घेणारं बोट दुसऱ्याचं होतं, हे तिच्या ध्यानातच यायचं नाही.

शाळा उघडायच्या आधीचे दिवस. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळी आकडा जरासा वर आला होता म्हणून ताईने चिमणीचा मधल्या वेळचा खाऊ बंद केला होता. इंजेक्शन मात्र रोजच्याइतकंच दिलं होतं. दुपारी चिमणी खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, हात थरथरतोय गं. दोन घास खाऊन घेऊ का?"

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तशाच धरून ती म्हणाली, "जिभेचे चाळे आहेत. काजं संपव, मग जेव."

चिमणीने मान खाली घातली आणि शर्ट पुढे ओढला. थोड्या वेळाने मशीन थांबलं. ताईने वळून पाहिलं तर ती घामाने निथळत होती आणि बसल्या जागी एका बाजूला कलत होती. कपाळ मशीनच्या कडेवर आपटलं. "साखर," ती कशीबशी पुटपुटली. ताईने पर्स उलटी केली. त्यात काहीच नव्हतं, आणि का नव्हतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेवटी एका गिऱ्हाईक बाईने समोरच्या टपरीवरून साखर घालून पाणी आणलं आणि घोटघोट पाजलं.

दवाखान्यात बाळाचे ठोके ठीक निघाले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की इन्शुलिन दिलं की पोटात अन्न लागतंच, एवढं तरी कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. ताईसमोरच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिमणीने सासूला बोलावून घेतलं आणि कपडे भरले. दारात थांबून ती म्हणाली, "तुला माझी काळजी आहे, मला माहीत आहे. पण ताई, तुझ्या घरात भूक लागली म्हणायची मला भीती वाटते."

बाळंतपण सासूकडेच झालं. मुलगी झाल्यानंतरच ताईला फोन आला, तोही चिमणीच्या नवऱ्याचा. ती दवाखान्यात पोचली तेव्हा चिमणी डब्यातलं जेवत होती आणि सासू शेजारी बसून आणखी वाढू का विचारत होती. बाळाची साखरही तपासून झाली होती, सगळं ठीक होतं. सासू पाणी आणायला उठली तशी ताईने वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एवढंच म्हटलं, "चुकलं माझं."

चिमणी 'जाऊ दे' म्हणेल असं तिला वाटलं होतं.

"हो," चिमणी म्हणाली. मग तिने बाळ उचललं आणि ताईच्या मांडीवर दिलं.

पोरगी आता चालू लागली आहे. चिमणी वर्षातून एकदा आपली साखर तपासून घेते, सासू सोबत जाते. दुकानात ती परत आली नाही. घरीच मशीन घेतलं. ताई अधूनमधून फोन करते आणि सवयीने विचारते, "जेवलीस का?"

"जेवले," चिमणी लगेच सांगते, बाईंनी गृहपाठ विचारल्यावर सांगावं तशी. मग ताई पोरीची चौकशी करते.