व्हरांड्याचा कठडा

घराखालच्या खुंटावरच्या पत्र्याच्या टोपीची कड चारी बाजूंनी बोटभर बाहेर आलेली असते आणि किंचित खाली वळलेली. मातीची नळी बांधत वर चढणाऱ्या वाळवीला या कडेला वळसा घालावा लागतो, आणि तो घालताना ती उजेडात येते. टोपी वाळवीला अडवत नाही. फक्त लपू देत नाही. ब्रिस्बेनमधली जुनी लाकडी घरे अशा खुंटांवरच उभी असतात, आणि अधूनमधून घराखाली वाकून टोप्या पाहणे हे घरातल्या कुणाचे तरी काम असते. टलक कुटुंबात ते डेस्लीचे होते. तिची सारी नोकरी प्रयोगशाळेत माती तपासण्यात गेली होती.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आजोबांनी बांधलेले ते बसके घर आई गेल्यापासून रिकामे होते. गल्लीत पूर्वी तशी घरे रांगेने होती, आता हे एकच उरले होते. डोंगरापलीकडच्या गव्हाच्या पट्ट्यातले एक जोडपे ते उचलून न्यायला तयार होते. इकडे घरे करवतीने कापून ट्रकवरून नेतात, त्याचे कुणाला नवल नाही. डेस्लीचा धाकटा भाऊ केल्विन म्हणे, देऊन टाकू. डेस्लीला घर जागच्या जागी, पालिकेच्या वारसा यादीत हवे होते. पण यादीत गेलेल्या घरात राहणार कोण, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. “बघू, एवढा हिवाळा सरू दे,” म्हणत तिने दोन हिवाळे घालवले.

तिसऱ्या हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियातल्या ऑगस्टच्या कोरड्या वाऱ्यात, पालिकेची इंग्रिड व्हेला घर पाहायला आली. केल्विन पायऱ्यांवर भोपळ्याचा स्कोन, म्हणजे छोटासा गोड पाव, खात बसला होता.

“या, राजवाडा बघायला या,” तो म्हणाला. “राणीसाहेब आत आहेत. संडास मात्र अजून परसात आहे हं.”

इंग्रिड हसली. “राजवाडे काय, सगळेच जपतात. ट्रामवाले, कारकून कसे राहायचे ते अशाच घरात कळतं.”

“आमचे आजोबा ट्रामवरच होते,” डेस्ली दारातून म्हणाली.

दारावरची लाकडी नक्षी, दुधी काचेच्या खिडक्या, भिंतींच्या उभ्या फळ्या, सगळे मूळचे. इंग्रिड खोली-खोली पाहत गेली. “एकच उणीव आहे. व्हरांडा काचा लावून बंद केलाय. त्याचा जुना लाकडी कठडा गेला.”

“गेला नाही.” डेस्लीच्या आवाजात न राहवून अभिमान आला. “बाबांनी तो शेडमध्ये टाकला होता. आई गेल्यावर मी घासूनपुसून घराखाली ठेवलाय. एकही गज हरवलेला नाही.”

“जपणं तिच्याकडून शिकावं,” केल्विन म्हणाला. “माझे दुधाचे दातही असतील कुठेतरी.”

तिघे खाली गेली. पाऊस लागू नये म्हणून कठडा मागच्या खुंटांना टेकवून उभा केला होता. त्याचे पाय मातीत होते आणि डोके थेट घराच्या तुळईला लागलेले. इंग्रिडने वाकून कठड्यामागे पाहिले.

डेस्लीलाही दिसले. कठड्याच्या पाठीमागून मनगटाएवढी जाड मातीची नळी वर गेली होती. तिने टोप्या पाहिल्या होत्या, दर वेळी पाहिल्या होत्या, पण अंगणाच्या बाजूने. पलीकडची बाजू कठड्याने झाकलेली होती. वाळवीला टोपीपाशी यावेच लागले नव्हते. तिच्यासाठी शिडी लावून ठेवलेली होती.

इंग्रिडने तुळईवर अंगठा दाबला. तो आत गेला.

वर स्वयंपाकघराच्या भिंतीत रंगाखेरीज काहीच उरले नव्हते. आई ज्या ओट्यापाशी उभी राहून रेडिओ ऐकायची, त्यामागच्या फळीला डेस्लीने नुसता हात टेकला तर ती पापडासारखी मोडली.

“पुढच्या खोल्या धड आहेत,” इंग्रिड हळू आवाजात म्हणाली. “मागचा भाग नव्यानं बांधलात, तर यादीसाठी मी शिफारस करू शकते. पण खरं सांगू? मग ते घर कमी आणि घराची नक्कल जास्त.”

“आणि उचलून न्यायचं झालं तर?” केल्विनने विचारले.

“पुढचा भाग प्रवास सोसेल. पावसाच्या आत न्यायला हवा. ओल आली की ही वाळवी पुढे सरकेल.”

इंग्रिड गेली. केल्विनने थट्टा केली नाही, तेच डेस्लीला जड गेले.

“डेस, मीही कधी खाली वाकलो नाही,” तो म्हणाला.

“तुझं काम नव्हतं ते.”

दोन हिवाळ्यांपूर्वी ती हो म्हणाली असती, तर घर सगळेच्या सगळे गेले असते, ओट्यासकट. त्या ओट्याशी आज कुणाचे तरी मूल उभे राहून पाव खात असते.

“घर मागणाऱ्या त्या बाईंचा काल पुन्हा फोन आला होता,” केल्विन म्हणाला. “बहिणीला विचारतो म्हटलं. दर वेळी तेच सांगायची आता लाज वाटते गं.”

डेस्लीने हातावरचा भुसा झटकला नाही.

“आजच फोन कर त्यांना,” ती म्हणाली. “स्वयंपाकघर मिळणार नाही, हे आधी सांग. बाकीचं घर घेऊन जा म्हणावं.”