एकसष्टावा दिवस

आइझिरेकने पुन्हा एंटर दाबलं. पडद्यावर तेच: नव्वदपैकी एकोणनव्वद.

नारीन शहरातल्या तंत्रनिकेतनात वीज शाखेच्या मुलांना यंदा भारनियमनाचा प्रोग्राम लिहायला दिला होता. तुटवडा पडला की कुठल्या भागाची वीजवाहिनी बंद करायची, हे त्याने कुणालाही न विचारता ठरवायचं. एका जुन्या हिवाळ्याच्या नव्वद दिवसांच्या नोंदींशी जुळला, तर थेट नियंत्रण कक्षात नोकरी. आई शिवणकामावर घर चालवत होती. आइझिरेकला ही नोकरी हवीच होती.

घोडं अडलं होतं एकसष्टाव्या दिवशी. नियमाप्रमाणे चौथी वाहिनी बंद व्हायला हवी होती. नोंदीत मात्र दुसरी बंद, सरकारी कचेऱ्यांची.

“आगाय, त्या दिवशी ड्यूटीवरचा माणूस झोपला होता की काय?” तिने तेमिरकुल मास्तरांना विचारलं. मास्तरांना तिथे ‘आगाय’च म्हणत.

वर्ग हसला. मास्तरही हसले. इथे शिकवायला येण्याआधी त्यांनी सव्वीस वर्षं नियंत्रण कक्षात काढली होती.

“जागाच होता बिचारा. मीच तो.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अगं, साहेबांनी तेव्हाच माझी बिनपाण्याने केली होती. तू तो दिवस वगळून टाक. माझ्या चुकीचा भुर्दंड तुला कशाला?”

“पण असं का केलंत?”

मास्तरांनी कपाटातली जुनी नोंदवही तिच्यापुढे उघडली आणि ते खडू शोधायला लागले. तिला दिलेल्या नोंदींत नुसते आकडे होते. इथे तारीख होती.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रीतीप्रमाणे अंगणात मयतासाठी लोकरीचा तंबू उभा होता, आत बाबांना ठेवलं होतं. बायका सूर धरून रडत होत्या. समोरच्या कचेऱ्या अंधारात होत्या आणि तंबूच्या दारातला दिवा जळत होता. तिची गल्ली चौथ्या वाहिनीवर येत होती. तिने वही हळूच मिटली.

परीक्षेला नियंत्रण कक्षाचे साहेब आले. आइझिरेकचा प्रोग्राम मध्येच थांबला आणि पडद्यावर प्रश्न उमटला: आज चौथ्या वाहिनीवर कुणाच्या अंगणात तंबू आहे का?

“न विचारता चालायला हवा होता ना हा?”

“हो, साहेब. पण हा विचारणार.”

खिडकीपाशी पाठमोरे उभे असलेले मास्तर काही वळले नाहीत.

साहेबांनी तिच्या नावापुढे फुली मारली. पुढचं नाव पुकारण्याआधी मात्र त्यांनी पडद्यावरचा प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेतला.